ढ आणि ड

फोडणीत कढीनिंब तडतडला की मला सासऱ्यांचं पट्टीश्वरमचं मासळीचं तळं आठवतं. लग्न होऊन कुंभकोणमला आले तेव्हा माझ्याशी हौसेनं मराठी बोलायचे ते एकटे सासरे, तीही तंजावरची, जुन्या वळणाची. एकदा त्यांच्या रोहूंच्या अंगावर लाल चट्टे उठू लागले. मी मत्स्यशास्त्र शिकलेली, म्हणून फोनवर सांगितलं, "मामंजी, कढीनिंब वाळवून खाद्यात थोडा थोडा मिसळा." तमिळ वळणाच्या कानाला ढ आणि ड सारखेच. त्यांनी कडुनिंब मिसळला, आणि मायेनं ओंजळ भरभरून. कडू खाद्याला मासे तोंड लावेनात. ते तळाशी कुजलं, पाणी नासलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर तळं पांढऱ्या पोटांनी भरलेलं होतं, आणि सासरे गुडघाभर पाण्यात उभे राहून एकेक मासा टोपलीत ठेवत होते. "तुझं चुकलं नाही गे," ते म्हणाले, "माझी मराठीच जुनी झाली." त्यानंतर अखेरपर्यंत ते माझ्याशी तमिळच बोलले, सावकाश, मला एकेक शब्द कळावा म्हणून. आज मला तमिळ अस्खलित येते, आणि घरात मराठीतून हाक मारणारं कुणी नाही.