चौथ्या शीलापाशी

माजी मोठी जाऊ सत्यशीला, आमी तिला आक्का म्हणतो. झरीच्या आमच्या बुद्धविहारात पंचशीलाची वंदना तीच सांगायची. ती एकेक शील म्हणायची, आमी बाया मागून म्हणायचो. आवाज असा खणखणीत, की ही भांडायलीय का काय म्हणून नवीन माणूस दचकायचं. जिंदगी अंगणवाडीत गेली तिची. निम्मं गाव तिच्या धाकात वाढलेलं.

तिच्या आईला, कस्तुराबाईला, विसरायचा आजार जडला व्हता. म्हातारी स्टँडवर जायची अन् दिसंल त्या यष्टीत बसायची. एकदा तर पार तिकडं लांब पालमला सापडली. शेवटी शेवटी लेकीलाच विचारायची, "बाई, तुमी कोण्या गावच्या?" ते आक्काच्या काळजात रुतून बसलं.

म्हणून जवा सरकारी दवाखान्याची आशाताई, सुकेशनी, विहारात म्हणाली, "बीपी-शुगर सांभाळा, कान तपासा, चाला-फिरा, चार माणसांत बसा, विसरायच्या आजाराचा धोका कमी व्हतो," तवा सगळ्यात आधी आक्काच उठली. सगळ्या बायांना कामाला लावलं. सांजच्याला शाळेपर्यंत चालायचं, विहारात बीपी मोजायचा, मग वंदना. मी पाय दुखतेत म्हणलं की म्हणायची, "चुगल्या करताना जीभ दुखत न्हाई व्हय तुजी?"

अन् एका सांजी तीच अडकली. तिसरं शील झालं अन् गप. हात जोडलेले, ओठ हलायलेत, आवाजच न्हाई. म्हणलं आपण सांगावं. तोंड उघडलं, तर मलाबी येईना! जल्मभर तिच्या मागंच म्हणलेलं. पुढं व्हऊन म्हणायची सवय हाय कुणाला? सगळा विहार हात जोडून गप. लय भ्या वाटलं. आक्का उठली ती तडक घरी गेली.

मी मागं पळाले. कोपऱ्यात बसली व्हती. "आईचं असंच सुरू झालतं, बबिता. मला तपासू नका. मला ऐकायचंच न्हाई."

"सगळ्या गावाला कामाला लावतीस अन् आता सोताच दडून बसतीस व्हय?" मी वरडले. अन् तशीच पळत जाऊन सुकेशनीला बोलवून आणलं.

सुकेशनीनं बीपी मोजला, तर लय वाढलेला. दुसऱ्यांचा मोजायला लावायची, सोताचा कवा मोजलाच न्हाई, अन् बीपीची गोळी तर बाईनं कवाच सोडून दिलती! डोकं दुखत न्हाई, मग कशाला, म्हणं. परभणीच्या डॉक्टरनं गोळी परत सुरू केली. म्हणाला, "एवढ्यावरून सांगता येणार नाही. आधी बीपी आटोक्यात आणू, मग पुन्हा तपासू. चालणं, माणसांत बसणं सोडू नका." विसरायचा आजार हाय बी म्हणाला न्हाई, न्हाई बी म्हणाला न्हाई. असल्या उत्तरानं झोप लागती व्हय कुणाला?

तवापास्नं वंदना आमी पाळीपाळीनं सांगतो. माजी पाळी आली की तिसऱ्या शीलानंतर मी मुद्दाम थांबते. मागून आक्काचा आवाज येतो, चौथं शील सांगतो, तवा कुठं माजा जीव भांड्यात पडतो.

काल घरी येताना तिनं माजा हात धरला. "दर बारीला तिथंच कशी गं अडकतीस?"

मी उगंच पदर सारखा केला.

"मला कळत न्हाई व्हय? थांबत जा तशीच." चार पावलं चालून ती पुढं म्हणाली, "अन् ज्या दिवशी मागून माजा आवाज येणार न्हाई, त्या दिवशी गप बसू नको. तू म्हण. मला तुज्या मागं म्हणू दे."