दही न लागणारी शेळी

माझी धाकटी जाऊ बाळंतपणात गेली आणि तिची तान्ही मुलगी माझ्या ओटीत आली. मला मूल नव्हतं, तेव्हा पाजणार काय? गाईचं दूध दिलं की पोरगी ओकायची, अंगभर लाल गांधी उठायच्या. म्हणून तिचे वडील, माझे दीर, शिवथरहून एक करडी शेळी घेऊन आले. तिचं दूध मात्र पोरीच्या अंगी लागलं.

उरलेल्या दुधाला सासूबाईंनी विरजण लावलं. सकाळी भांड्यात दही नव्हतंच. पळीवरून ओघळणारं आंबट पाणी होतं. शेळीचं दही तसंही पातळच, पण इतकं नाही. भांडं बदललं, शेजारून विरजण आणलं, तरी तेच. आमच्या कापडे गावाच्या आसपास दही न लागणं म्हणजे घरात काहीतरी शिरलं असं धरत, आणि आमच्या घरातून नुकतीच तिरडी उठली होती.

"दूध सरळ नाय गो हे," सासूबाई म्हणाल्या. "एक सून नेली. आता कोणाला नेतंय?"

"आत्याबाई, पोरगी बाळसं धरतेय. दही नसलं तर नसलं."

"मोठी शाणी आलीस महाडची! तुमच्या पेठेत देव नसतात वाटतं?"

गुरवाने देवीला कौल लावला. मूर्तीला ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा, उजवीकडची पडली की होकार. ती पडली. शेळीला बाधा आहे, शिवेबाहेर सोडा.

दीर तिला शिवेपलीकडच्या रानात बांधून आले. सकाळी मी गेले तर तुटलेलं दावं होतं. रक्ताचा माग झाडीत गेला होता.

पुष्कळ वर्षांनी जनावरांच्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं, की काही शेळ्यांच्या दुधात एक प्रथिन जवळजवळ नसतंच. आईबाप दोघांकडून तसा वारसा आला की दही धड लागत नाही. पोरगी त्या दुधावर त्यामुळेच तगली का, या प्रश्नाला ते "असेलही" एवढंच म्हणाले. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दूध तसंच हवं, इतकं मात्र दिसत होतं. मी दिरांना पुन्हा शिवथरला पिटाळलं.

"वैनी, तिचीच बहीण हाय," ते दावं माझ्या हातात देत म्हणाले. "आई तीच, बोकड तेवढा दुसरा."

या शेळीचं दही असं लागलं, की वाटी कलंडली तरी हललं नाही. सासूबाईंनी ते शेजारीपाजारी वाटलं. "घर मोकळं झालं बघा!" दुपारी पोरीच्या पोटावर गांधी उठल्या. पुढे पोटात काही ठरेना. डोळे खोल गेले, टाळू बसली. रडणंही बारीक झालं.

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"उद्या परत कौल लावू."

"आता शेळीने काय केलं?"

"शेळीचा नाय. पोरीचा."

दीर उंबऱ्यात उभे होते. मी पोरीला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि उजेड होता तोवर महाडच्या दवाखान्याची वाट धरली. पोलादपूर दिसू लागेपर्यंत ती कुरकुरत होती. मग गप्प झाली. मी थांबून बघितलं नाही, पाय उचलले.