फळ्यावरची अर्धी आकृती

दादा गेल्याचा फोन त्याच्या मुलीने, मंजिरीनेच केला. मी मेथी निवडत होते. "आत्या, बाबा गेले," एवढंच म्हणाली. अशा वेळी माणसाच्या मनात काय यायला हवं ते मला ठाऊक नाही, माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की आता ते अर्धंच राहिलं... रडू नंतर आलं. महिना उलटून गेला, भेटायला येणारेही थांबले, पण ते अर्धं राहिलेलं काही डोक्यातून जात नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

दादा माझा दहा-बारा वर्षांनी थोरला भाऊ. जबलपूरच्या एका शाळेत त्याने आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. आमचे वडील नागपूरहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले, तेव्हापासून आम्ही उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी. दादाचा स्वभावही तसाच विभागला गेला होता. घरात तो चहात साखर नसली तरी मुकाट्याने पिणारा, आणि वर्गात उभा राहिला की ऐकत राहावं असा. हे मी ऐकीव सांगत नाही. दहावीत मी त्याच्याच वर्गात होते.

दहावीला प्रजननाचा धडा असतो. तो आला की बाकीचे शिक्षक "घर से पढ़कर आना" म्हणत पुढच्या धड्यावर उडी मारायचे. दादा त्या दिवशी दोन खडू घेऊन यायचा. फळ्याच्या मधोमध दोन्ही खडू टेकवायचा आणि दोन्ही हात एकदम चालू करायचा... एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन गर्भनलिका बाहेर जायच्या, टोकाशी झालरीसारख्या पसरायच्या, त्यांच्याखाली दोन अंडाशय, मग दोन्ही हात आत वळून गर्भाशयाच्या भिंती काढत खाली एकमेकांना भेटायचे. हसायला टपून बसलेली मागच्या बाकांवरची मुलं हसायचं विसरून जायची. मग तो शिकवायचा. मुलींना पाळी का येते, मुलांचा आवाज का फुटतो, महिन्याला एक बीजांड कसं पिकतं, नलिकेत त्याची आणि शुक्राणूची गाठ कशी पडते. एकही शब्द दबक्या आवाजात नाही. सख्खा भाऊ हे सगळं बोलतो आहे म्हणून मी डोकं वहीत खुपसून बसले होते, पण कान उघडे होते. शेवटी तो म्हणायचा, की गाठ पडली म्हणजे मूल झालंच असं नाही, पुष्कळदा सुरुवातीची जुळणीच चुकते आणि शरीर ती पुढे जाऊ देत नाही. "ऐसा हो जाए तो माँ की कोई गलती नहीं होती। लिख लो। लड़के ख़ासकर लिखें।" आणि बाकांमधून फिरत मुलांनी खरंच लिहिलं की नाही ते बघायचा.

मंजिरी लहान असतानाच वहिनी गेली. दादाने एकट्याने पोर वाढवली. तिच्या वेण्या घालायचा, डबा करून द्यायचा, तापात रात्र रात्र जागायचा. पण तिला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा याने मला फोन केला, "तू ये." काय झालं ते फोनवर सांगेना. मी स्कूटर दामटत राइट टाउनला त्याच्या घरी पोचले, तर हा फाटकाशी उभा. "आत जा," म्हणाला आणि पिशवी घेऊन भाजीला निघून गेला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी त्याला यावरून पुष्कळ चिडवलं, तो नुसता हसायचा. पुढे ती त्याच्याच शाळेत दहावीला गेली तेव्हा पोरीला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून त्याने तिला दुसऱ्या तुकडीत घालून घेतलं. मायेपोटीच केलं. त्या तुकडीत तो धडा घरून वाचून यायचा होता.

मंजिरीचं लग्न गावातच झालं. नवरा नितीन बँकेत, मनाने चांगला. यंदाच्या थंडीत तिचा गर्भ पडला, तो दुसऱ्यांदा. सासू काही दुष्ट नाही, पण "स्कूटर काहून चालवली?" एवढं तिने विचारलंच. शेजारणीने पपईची आठवण काढली. डॉक्टरीणबाईंनी तुमचं काही चुकलेलं नाही असं सांगितलं होतं, पण बाहेर रांग, त्यांचं सांगणं अर्ध्या मिनिटात उरकलं. मंजिरी माहेरी येऊन राहिली आणि स्वतःचेच गुन्हे शोधत बसली. "आत्या, त्या दिवशी मी पाण्याची बादली उचलली होती. त्याच्यानंच झालं असंल काय?" दादा बाजूच्या खोलीत ऐकत असायचा. तिच्यापुढे चहा ठेवायचा आणि अंगणात निघून जायचा. शेवटी मी म्हटलं, "दादा, जगाला सांगितलंस. हिला कधी सांगणार?"

"सांगतो," तो म्हणाला. "शब्द जुळवून राहिलो."

त्याच आठवड्यात त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अक्कल शाबूत, डोळे शाबूत, शब्द तेवढे सगळे गेले.

इस्पितळातून आणल्यावर तो सारखा डाव्या हाताने मागच्या खोलीकडे दाखवायचा. तिथे तो शिकवण्या घ्यायचा, फळा आणि बाकं तशीच होती. आम्ही त्याची खाट तिथे हलवली, फळ्याला लागून. खडू दिला. त्याने डाव्या हाताने एक रेघ काढली, थरथरती, मधून निघून डावीकडे गेलेली, टोकाशी पसरलेली, मग आत वळून खाली उतरलेली. आणि थांबला. मंजिरीकडे बघून नुसतं "आ... आ..." आम्ही सगळे त्या रेघेकडे बघत राहिलो. नितीन म्हणाला, "आत्या, हे नदीचं वळण दिसून राहिलं. तिलवाऱ्याचं. बाबांना नर्मदेवर जायचं आहे." अंथरुणावरच्या म्हाताऱ्याला आणखी काय हवं असणार, आम्हा सगळ्यांना ते पटलं. मलाही.

दुसऱ्या दिवशी नितीनने आणि शेजाऱ्यांनी त्याला उचलून गाडीत घातलं. तिलवाऱ्याला नितीनने लोटीभर पाणी आणून त्याच्या डोक्यावर शिंपडलं. दादा जन्मभर नर्मदेवर गेला तो पोहायला, हात कधी जोडले नाहीत. त्याने डोळे मिटले आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. "अंकलजी को शांति मिल गई," शेजारी म्हणाले.

घरी आणलं तर पुन्हा फळ्याकडे बोट. खाटेच्या कडेवर डावा हात आपटू लागला. मग त्याने दोन बोटं वर केली. कोणी म्हणे दोन उशा, कोणी म्हणे दोन पोळ्या. मी त्या दोन बोटांकडे बघितलं, फळ्याकडे बघितलं, आणि मला वर्गातला दादा आठवला. त्याला दोन खडू हवे होते.

मी दुसरा खडू त्याच्या उजव्या हातात ठेवला. तो पडला. पुन्हा ठेवला, बोटं माझ्या हाताने मिटली. सोडली तशी पुन्हा पडला. दादाने तोंड भिंतीकडे फिरवलं. इतकी हतबल मी कधीच झाले नव्हते, वहिनी गेली तेव्हाही नाही.

मग मीच मंजिरीला सांगितलं. मराठीत मलाही जमेना, म्हणून त्याच्याच हिंदीत, त्याच्याच चालीत, जुळणी चुकते तिथपासून माँ की कोई गलती नहीं होती तिथपर्यंत. तिने ऐकून घेतलं. खाटेजवळ खाली बसली आणि म्हणाली, "बाबा, हेच सांगून राहिले होते काय तुम्ही?" दादाने मान हलवली. पण चहा हवा का विचारलं तरी तो तशीच मान हलवायचा, नको असला तरी. हे तिला माहीत होतं.

स्वयंपाकघरात ती माझ्याजवळ आली. "आत्या, हे तू सांगितलं. बाबांनी कुठं सांगितलं? अख्ख्या शाळेला शिकवलं त्यांनी... मला काहून नाही बसवलं वर्गात?"

तुला लाज वाटू नये म्हणून, असं सांगता आलं असतं. ते तिलाही ठाऊक होतं. चारपाच दिवसांत दादा गेला.

आता घराला रंग देणं चाललं आहे. रंगाऱ्याने विचारलं, "दीदी, ये बोर्ड उतार दूँ?" मंजिरी नको म्हणाली. फळा आहे तसा आहे, एक नलिका, गर्भाशयाची एक भिंत. उजवीकडे काही नाही. खालच्या फळीवर दोन खडू, एक झिजलेला आणि एक कोरा.

परवा दुपारी गेले तर दार उघडंच होतं. हाका मारत मागच्या खोलीपर्यंत गेले. मंजिरी पहिल्या बाकावर बसली होती, हात मांडीवर, तोंड फळ्याकडे.

"काय करून राहिली गं?" मी विचारलं.

"वर्गात बसून राहिली आत्या," ती म्हणाली आणि मला जागा करून द्यायला थोडी सरकली.