पन्नास मिलिसेकंदांचं कारण

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. टेबलाखालच्या वायरींसारखे ते आपोआप वाढतात. एक ओढली की चार बाहेर येतात!

आम्ही उद्यमनगरात चांदी-पॉलिश मशीनचे कंट्रोलर बनवतो. त्यातल्या चिपचं सेन्सरशी बोलणं चालवणारा प्रोग्राम, म्हणजे बस ड्रायव्हर, दस्तगीरचाचांनी लिहिलेला. चाचा रिटायर झाले, पण कोडमध्ये वाचणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या त्यांच्या टिपा, म्हणजे कॉमेंट्स, तशाच राहिल्या. सोमवारी सर्टिफिकेटसाठी पुण्याहून एक मॅडम येऊन कोड तपासणार होत्या. साहेब म्हणाले, "कोड बदलायचा न्हाय. कॉमेंट्स तेवढ्या खऱ्या कर. पास झालो तर तू पर्मनंट!"

*

पहिलीच कॉमेंट : "तात्पुरतं. उद्या काढणे."

"साहेब, किती दिवस झाले याला?"

"नऊ वर्षं. काढू नकोस हं, सगळं त्याच्यावरच चाललंय!"

*

पुढे लिहिलेलं, "सेन्सर तीन आहेत." साहेब म्हणाले, "छे, पाच हायत!" मी वैतागून डबाच उघडला. चार!

साहेब खूश. "बघ की, आमची सरासरी बरोबर हाय!"

*

"खालची ओळ काढली तर हुपरीचं मशीन बंद पडेल." खालची ओळ कधीच गेलेली, नुसती धमकी उरलेली. मी ती पुसली. पाच मिनिटांत हुपरीच्या गिऱ्हाइकाचा फोन, "मशीन बंद पडलंय!"

मी घाईघाईनं कॉमेंट परत टाकली. लगेच दुसरा फोन, "झालं चालू. लाईट गेलती."

साहेब म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती. उगं कशाला?" मी हट्टानं पुसलीच. त्या दिवशी साहेबांनी एकही फोन उचलला नाही.

*

शेवटची कॉमेंट : "इथं पन्नास मिलिसेकंद थांबणे. कारण दस्तगीरला माहीत."

ऑफिसातल्या चाचणीच्या मशीनवर ते थांबणं काढून पाहिलं, तर मशीन चालेना. मग मी गेले हातकणंगल्याला, चाचांच्या घरी. चाचांना कोण आनंद! चहा झाला, चष्मा लागला, प्रिंटआऊट दोनदा वाचून झाला.

"पोरी, मला आता काय बी आठवंना." मग हळूच म्हणाले, "त्यातनं माझं नाव काढणार व्हय?"

मला फार वाईट वाटलं. ऑफिसात येऊन लिहिलं, "इथं पन्नास मिलिसेकंद थांबणे. काढलं तर मशीन चालत नाही. कारण आता दस्तगीरचाचांनाही माहीत नाही. घरी जाऊन विचारलं."

सोमवारी मॅडमचं बोट नेमकं तिथंच थांबलं. साहेबांनी डोळे मिटले. मॅडम मोठ्यानं हसल्या. "इतकी खरी कॉमेंट मी आजवर वाचली नव्हती. पास!"

मी तिथूनच फोन लावला. "चाचा, पास झालो! मी पर्मनंट! तुमचं नाव पण राहिलं!"

"अरं वा! लई झ्याक!" चाचा आनंदानं ओरडले. "मग आता सांग की, ते पन्नास कशाला हायत?"