न उघडलेली चिठ्ठी

अमरावतीच्या राजापेठेत माझी गणिताची शिकवणी आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर माझा वर्ग, आणि समोरच्या रस्त्यावर दिवसभर गाड्यांची पोंपों. पोरांमध्ये माझी ख्याती अशी की मॅडम खडू फेकून मारतात. खोटं नाही ते, फक्त माझा नेम कधी लागत नाही. बाकीचे धडे मी घसा फोडून शिकवते. संभाव्यतेचा मात्र सगळ्यात शेवटी घेते आणि भराभर उरकते. नाणी, फासे, पत्ते, सगळी उदाहरणं देते. चिठ्ठ्यांचं गणित आलं की "हे घरी करा" म्हणून पान उलटते.

त्याचं कारण बार्शीटाकळीकडच्या आमच्या गावात आहे. आमच्या शिवारात रोही फार. शहरातली माणसं त्याला नीलगाय म्हणतात, गाडी थांबवून फोटो काढतात. काढा बापा! ज्याचा हरभरा घाट्यावर आलेला असतो, त्याला विचारा. वीस-पंचवीसांचा कळप वावरात शिरला की खातो कमी आणि तुडवतो जास्त. त्या वर्षी लोकांनी कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या, डबे वाजवले, फटाके फोडले. रोही ऐकेनात. शेवटी गावानं मिळून वनखात्याकडे अर्ज केला आणि बऱ्याच चपला झिजल्यावर कागद आला: एक रोही मारता येईल, ठरलेल्या मुदतीत, आणि परवान्याच्या बंदुकीनंच.

गावात अशा बंदुका दोनच उरल्या होत्या. एक माझ्या बाबांची, दुसरी आमच्या शेताच्या धुऱ्यापलीकडच्या काकाजींची. काकाजी रक्ताचे कोणी नव्हते. वावराला वावर लागून, एवढंच नातं, पण ते बाबांच्या सख्ख्या भावांनाही कधी जमलं नाही. दोघांनी ऐन तारुण्यात एकाच दिवशी अकोल्याला जाऊन पिकाच्या राखणीसाठी परवाने काढलेले. ठासणीच्या बंदुका होत्या त्या. निवडणूक आली की दोघं एकाच मोटरसायकलवर बसून ठाण्यात जमा करून यायचे. दसऱ्याला हळदकुंकू वाहायचे. बाकी वर्षभर नुसती दारू ठासून आभाळात बार काढायचा, आवाजानं जनावर पळायचं, झालं. त्या बंदुकांनी साधी चिमणी मारली नव्हती.

कागद आला तसे दोघं एकमेकांकडे बोट दाखवायला लागले.

"तुही नजर चांगली हाये, तू मार."

"अन् तुहा हात चांगला हाये. तूच मार."

पारावरची माणसं आधी हसली, मग चिडली. मुदत संपत चालली होती. खरी गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. रोही म्हणजे गायच, आणि गाईचं पाप कोण घेणार? हरभरा सगळ्यांचा, पाप मात्र एकाचं. शेवटी सरपंच म्हणाले, ईश्वरचिठ्ठी टाका. देवानं ठरवलं की कोणाला बोल लावता येत नाही.

मी संक्रांतीला गावी गेले होते. बाबांच्या हृदयात दिवाळीतच अमरावतीला स्प्रिंग टाकली होती, आई आधीच गेलेली, त्यामुळे माझा अर्धा जीव गावातच असायचा. कागद आल्यापासून बाबांनी जेवण सोडल्यात जमा होतं. त्या दुपारी ते ओट्यावर बंदूक मांडीवर घेऊन बसले होते. मला म्हणाले, "माह्याच्यानं नाई होत, बाई."

जन्मात पहिल्यांदा बाबा मला 'नाही होत' म्हणाले. मला राग आला. गावाचा आला, कागदाचा आला, त्या मेल्या रोह्यांचाही आला. मी मनाशी म्हटलं, होऊच देत नाही.

पारावर सरपंच म्हणाले, "मॅडम, तुमचं अक्षर चांगलं, तुमीच लिवा." मी पर्समधल्या वहीचा कागद फाडला, दोन तुकडे केले आणि दोन्हींवर काकाजींचं नाव लिहिलं.   दोन्ही नीट दुमडल्या आणि पितळी गडव्यात टाकल्या.

काढायला निष्पाप हात पाहिजे म्हणून काकाजींच्या नातीलाच पुढे केलं. सहा वर्षांची पोट्टी, एका हातात तिळाचा लाडू. दुसरा हात तिनं गडव्यात घातला, जरा चाचपडली आणि चिठ्ठी बाहेर काढली. सरपंचांनी नाव वाचलं. लोकांनी सवयीनं टाळ्या वाजवल्या, मग लक्षात येऊन थांबवल्या. काकाजींनी ती चिठ्ठी घेतली, कपाळाला लावली आणि खिशात ठेवली. "देवाचीच मर्जी हाये, मंग मी नाई कसा म्हणू?" एवढंच बोलले.

उरलेली चिठ्ठी मी मुठीत घेतली. हरलेली चिठ्ठी कोणी उघडून पाहत नाही, हे मला माहीत होतं. संध्याकाळी चहा ठेवताना ती चुलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना आमच्या तुरीच्या पलीकडून बार ऐकू आला. नेहमीचा पोकळ बार नव्हता तो. मी धावत गेले. काकाजींनी नेम धरला होता काळ्या नरावर, पण बत्ती पडता पडता एक भुरी मादी आडवी आली. हरभऱ्यात पडली होती. तिची कास भरलेली होती आणि आचळातून दूध मातीत पाझरत होतं. काकाजी तिच्या डोक्यापाशी बसले, खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्या डोळ्यांवर टाकला. "अव माय व," म्हणाले, "हे त लेकुरवाळी होती." वनखात्याच्या माणसानं पंचनाम्यात लिहिलं, रोही, मादी, एक. मग खड्डा खणून पुरलं तिला. दोन दिवस तिचं पिल्लू धुऱ्यावर येऊन उभं राहायचं. आणि कळपाचं म्हणाल, तर तो चौथ्या दिवशी परत हरभऱ्यात होता.

काकाजींनी बंदूक ठाण्यात दिली ती परत आणली नाही. आणि दूध सोडलं. चहात साय तरंगली नाही तर कप परत करणारा हा माणूस, काळा चहा प्यायला लागला. कोणी विचारलं की म्हणायचे, "तिच्या लेकराचं दूध म्या मातीत सांडोलं. आता मले काहून पाह्यजे?" लोक थट्टा करायचे, आता पुरे झालं म्हणायचे. ते हसायचे आणि काळाच प्यायचे. ती चिठ्ठी त्यांनी देव्हाऱ्यात टाकांच्या खाली ठेवली होती.

त्याच उन्हाळ्यात बाबा एकदा सहज बोलून गेले. "माहं नाव निंघालं असतं त म्या बार हुकवला असता."

मी पाहतच राहिले. "म्हणजे?"

"म्हंजे काय? जनमभर तेच त केलं. मुदत निंघून गेली असती, कागद वापस. कोणाचंच काई गेलं नसतं."

"मग तेव्हा का नाही सांगितलं?"

"चारचौघात सांगू का, मी मुद्दाम हुकवणार हाओ म्हून? अन् तो," धुऱ्याकडे हात करून म्हणाले, "तो नाई हुकवत. देवानं सांगतलं म्हणल्यावर तो बेइमानी कशी करीन?"

दोन्ही कागदांवर मी एकच नाव लिहिलं नसतं, तर अर्धी शक्यता तरी होती की ती रोही जगली असती. मी बाबांना वाचवायला गेले, आणि बाबांना वाचवायची गरजच नव्हती. हे गणित मला त्या दिवशी सुटलं आणि तेव्हापासून छातीवर बसलं आहे.

काकाजींना सांगायला मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा तर तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "बाई, माह्या मनानं नाई मारली म्या तिले. देवानं माहं नाव काढलं. तेवढ्याच आधारावर झोप लागते पाह्य." मी माझा दुधाचा चहा संपवला आणि परत आले. सांगितलं असतं तर माझं ओझं उतरलं असतं आणि त्यांचा आधार गेला असता, असं मी स्वतःला समजावत आले. अर्धं खरं आहे ते. उरलेलं अर्धं म्हणजे मी भित्री आहे. खडू फेकणारी मॅडम, आणि एका म्हाताऱ्यासमोर दातखीळ बसली. बाबा गेले तेही हे न कळता. मागच्या वर्षी काकाजी गेले. शेवटी डॉक्टर म्हणाले चमच्यानं दूध द्या, तर त्यांनी तोंड मिटून घेतलं.

त्यांची ती नात आता सतरा वर्षांची आहे. बारावीसाठी अमरावतीला वसतिगृहात राहते आणि माझ्याकडेच शिकवणीला येते. वर्गात मॅडम म्हणते, खाली उतरलं की आत्या. कोपऱ्यावरच्या टपरीवर मी कधी तिला चहा पाजते, तर तीही काळाच मागते. मला वाटायचं आजोबांची सवय उचलली. एकदा मी हसलेसुद्धा, "म्हाताऱ्या झालात का बाई तुम्ही?" ती हसली नव्हती.

मागच्या महिन्यात एका पोरानं धरूनच ठेवलं, "मॅडम, चिठ्ठ्यांचं गणित करून द्या न, परीक्षेले येते." नाइलाजानं फळ्याकडे वळले. भांड्यात दोन चिठ्ठ्या, एक काढली, शक्यता एक छेद दोन. मागे वळले तर ही पोर काहीच लिहून घेत नव्हती.

वर्ग सुटला, सगळे गेले, ती बसून राहिली. कंपासपेटीतून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यासमोर ठेवला. हळदीचे डाग होते त्यावर. आणि माझं अक्षर.

"आत्या," ती म्हणाली, "म्या आधी दुसरीच धरली होती. गडव्यात. मले आठोते. मंग सोडली अन् हे घेतली. तेच धरून ठेवली असती त आबाजीनं जनमभर काळा चहा नसता पेला न?"

अकरा वर्षं! काकाजींचा विचार मी केला, बाबांचा केला, त्या रोहीचा केला, स्वतःचा तर ढीगभर केला. त्या सहा वर्षांच्या हाताचा विचार मला एकदाही सुचला नव्हता. मी खाली बसले. म्हटलं, "दोन्हींवर त्यांचंच नाव होतं, बाळा. मी लिहिलं होतं. तू कोणतीही उचलली असतीस तरी तेच निघालं असतं."

"दोन्हीवर?"

"दोन्हींवर."

मग मी सगळं सांगितलं. बाबांचं, चुलीचं, तीनदा जाऊन परत आल्याचं. ती ऐकत होती. रडली नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मंग आबाजीले काहून नाई सांगतलं?"

  तिनं कागद परत कंपासपेटीत ठेवला आणि जिना उतरून गेली.

आठ दिवस ती शिकवणीला आली नाही. मी वसतिगृहाला फोन करायची, आणि उचलायच्या आत ठेवून द्यायची. नवव्या दिवशी आली, नेहमीच्या तिसऱ्या बाकावर बसली, गणितं केली. सुटल्यावर माझ्यासोबतच खाली उतरली आणि टपरीवर माझ्याआधी तिनंच सांगितलं, "दोन चहा. एक दुधाचा, एक काळा."

चहा आले. दुधाचा तिनं स्वतः उचलला. काळा माझ्यापुढे सरकवला.

"घ्या, आत्या."

मी घेतला.