मागे पडणारा हात

दोघी बहिणी एका घरात राहायच्या आणि एकमेकींवाचून त्यांना कोणी नव्हतं. थोरली नाचाच्या शाळेत पियानो वाजवायची. मुली आरशासमोर ओळीने उभ्या राहायच्या, नाचाच्या बाई टाळी द्यायच्या आणि थोरलीचा हात पट्ट्यांवर पडायचा तो असा, की चुकीचं पाऊल टाकायचीच मुलींना लाज वाटावी. ठोका सांभाळण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. हे तिला ठाऊक होतं आणि इतरांना विसरूही द्यायची नाही ती.

धाकटीला लहानपणी तिनेच शिकवायला घेतलं होतं. हातात लाकडी पट्टी असायची. सूर उशिरा आला की पट्टी बोटांच्या पेरांवर बसायची. "कान आहेत की गाळणी?" थोरली म्हणायची. धाकटीने पियानो सोडला, टायपिंग शिकली, एका कचेरीत लागली, लग्न केलं. नवऱ्याने टाकल्यावर ती बॅग घेऊन परत आली तेव्हा दार उघडता उघडता थोरली म्हणाली होती, "संसारातसुद्धा ठोका चुकलाच का तुझा?" धाकटी चपला काढून आत आली.

मग नाचाच्या बाईंनी टूम काढली. मुलींना घरी सराव करायला थोरलीचं वाजवणं रेकॉर्ड करून हवं होतं. थोरलीला कॉम्प्युटर म्हणजे परग्रह. धाकटीने घरच्या जुन्या कॉम्प्युटरला पियानोसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड जोडला, संगीताचं सॉफ्टवेअर घातलं. वाजवलेला प्रत्येक सूर पडद्यावर छोट्या आडव्या कांडीसारखा उमटायचा आणि कॉम्प्युटर टकटक करत जो ठोका द्यायचा, त्याच्या उभ्या रेघा त्या कांड्यांमागे दिसायच्या. थोरलीने एक चाल वाजवली. परत लावून ऐकली तर प्रत्येक सूर ठोक्याच्या किंचित मागे. लंगडत चालल्यासारखा.

"काय करून ठेवलंयस या डब्याचं?" थोरली कडाडली.

धाकटी खरोखरच त्या बिघाडाच्या मागे लागली. वायर बदलली. पाठीमागे चालणारे बाकीचे प्रोग्राम बंद केले. आवाज साठवून मग सोडायची जागा असते, ती लहान केली, तर आवाज फुटायला लागला. पुन्हा मोठी केली. सूर मागे ते मागेच. मग एका सुट्टीच्या दुपारी पडदा मोठा करून बघताना तिच्या लक्षात आलं, की सगळ्या कांड्या रेघेपासून सारख्याच अंतरावर आहेत. माणसाचा हात चुकतो तो कधी कमी, कधी जास्त. इतकं मोजून मापून यंत्रच चुकतं. सेटिंगच्या एका कोपऱ्यात तो आकडा सापडला. रेकॉर्ड होणारा प्रत्येक सूर तेवढा मागे ढकलला जात होता. तिने तिथे शून्य घातलं, स्वतः चार सूर वाजवून पाहिले. कांड्या रेघांवर चपखल बसल्या.

"ताई!" तिने आनंदाने हाक मारली.

थोरली टॉवेलला हात पुसत दारात आली. "नाही ना जमलं? वाटलंच होतं मला. अगं, ज्याला घरात नांदता आलं नाही त्याला यंत्र काय नांदवता येणार? उद्या शाळेतूनच कोणालातरी बोलावते."

धाकटीने पडद्याकडे वळून जुना आकडा परत घातला.

"यंत्र ठीक आहे, ताई," ती म्हणाली. "सगळं तपासलं. तुझाच हात मागे पडतोय."

थोरली हसली. खुर्ची ओढून बसली आणि वाजवलं. परत लावलं तर मागे. पुन्हा वाजवलं. मागे.

"पण वाजवताना तर बरोबर वाटतंय मला!"

"वाजवताना सगळ्यांनाच बरोबर वाटतं गं. म्हणून तर रेकॉर्ड करतात. वय होतं माणसाचं."

त्या दिवसापासून थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. ती रोज सकाळी कीबोर्डवर बसायला लागली. धाकटी "सेव्ह करते" म्हणून माउस हातात घ्यायची आणि मधल्या दोनचार कांड्या आणखी मागे सरकवायची, म्हणजे चूक माणसासारखी दिसावी. थोरली धास्तावून सूर लवकर मारायला लागली, तेव्हा धाकटीने आकडा शून्य केला. आता सगळं पुढे धावत होतं. "आता घाई होतेय तुला," ती मऊ आवाजात म्हणाली. हा मऊपणा तिच्या आवाजात पूर्वी कधी नव्हता आणि तिला तो आवडायला लागला होता.

थोरली डॉक्टरकडे जाऊन आली. बोटं, डोळे, नसा, कशातच काही निघालं नाही. "त्यांना काय कळतंय!" ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

शाळेतही मग तिचा हात अडखळायला लागला. सूर मारायच्या आधी ती थांबून विचार करायची, आणि विचार केला की ठोका निसटायचा. एके दिवशी उडी घेतलेल्या मुलीखालून सूरच निघून गेला. मुलगी घोट्यावर आपटली. नाचाच्या बाई आधी मुलीकडे धावल्या. मग पियानोजवळ येऊन त्यांनी झाकण हलकेच खाली केलं. "थोडे दिवस विश्रांती घ्या," म्हणाल्या. थोडे दिवस म्हणजे काय, ते थोरलीला कळलं.

रेकॉर्डिंग मग धाकटीच करायला लागली. तिला वाजवायची गरजच नव्हती. माउसने एकेक कांडी रेघेवर ठेवायची की झालं. बाई खूश होत्या. थोरली आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायची. दार वाजलं तरी उठायची नाही. जेवताना चमचा ताटात ठेवायलासुद्धा बिचकायची, जणू तोही उशिराच पडेल. एकदा तर धाकटीनेच तिला भरवलं.

मजा कधी संपली ते धाकटीला नेमकं कळलं नाही. पण एका संध्याकाळी तिने आकडा शून्य आहे ना ते दोनदा तपासलं, एकही कांडी हलवायची नाही असं मनाशी ठरवलं आणि थोरलीला दंडाला धरून खुर्चीवर आणून बसवलं. "ताई, बहुतेक यंत्रातच बिघाड होता. आता सुधारलंय. वाजव बघू."

थोरलीने वाजवलं. कांड्या उमटत गेल्या. एक मागे, दोन पुढे, एक फारच मागे. दाणे सांडावेत तशा. धाकटीने माउसला हातही लावला नव्हता.

"छान झालं," ती घाईघाईने म्हणाली आणि तिने पडदा कोरा केला.

"कशाला गं?" थोरली म्हणाली. तिने धाकटीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. असा तिने तो कधीच घेतला नव्हता. "शाळेतल्या सगळ्या तोंडदेखलं बोलल्या. इतके दिवस त्यांनी माझी चूक चालवून घेतली. तू एकटीने तोंडावर सांगितलंस. आता तू तरी खोटं बोलू नकोस."

धाकटीने हात सोडवून घेतला नाही. "बरं," ती म्हणाली. "मागेच पडला."

थोरलीने मान डोलावली, खुर्ची सरकवली आणि भिंतीचा आधार घेत आत निघून गेली.