देवराईत घातलेलं गाऱ्हाणं

छातीत कळ येऊन गेल्यापासून आमच्या ह्यांनी अंगणाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात चाला. हे आपले झोपाळ्यावर. त्यामुळे भाचीने देवराईतल्या 'वन उपचार' फेरीबद्दल सांगितलं तशी मी लगेच नावं नोंदवली. माणशी चारशे रुपये, जेवणासकट.

"नुसता चलाक पैशे?" हे म्हणाले. "आपलो रस्तो काय झिजलो?"

"पैशे भरलंय. परत मेळाचे नाय," म्हटल्यावर मुकाट तयार झाले.

मालवणहून सकाळची कणकवली एसटी धरली, फाट्यावर उतरून रिक्षा केली. पुढचा रस्ता खडबडीत आहे. स्वतःची गाडी आणणाऱ्यांनी सांभाळून यावं.

मला वाटलं होतं, कोणी वैद्य पाला ओळखायला शिकवेल, काढा देईल. तसं काही नसतं. वाट दाखवणारी नेहा गावातलीच मुलगी. सोबत पुण्याचं एक जोडपं. चार पावलं चालायचं, थांबायचं, डोळे मिटून ऐकायचं. ओल्या मातीचा वास घ्यायचा. देवाची राई, म्हणून पानसुद्धा तोडायचं नाही. हे मात्र दर वळणावर छातीवर हात ठेवून उभे.

"काका, सावकाश," नेहा म्हणाली. "हंय कोणाक खंय पोचाचा नाय."

शेवटी तिने प्रत्येकाला एकेका झाडापाशी बसवलं. "मनात असेल ते झाडाला सांगा."

आमच्याकडे देवाला सांगायचं ते गाऱ्हाणं घालून, मोठ्याने. आणि जमलेले लोक त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. मनातल्या मनात सांगायचं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. हात जोडले आणि खणखणीत सुरुवात केली.

"देवा म्हाराजा, ह्येंका घेवन तुझ्या पायाशी इलंय. कळ इली तेव्हापासून माका झोप नाय. ह्येंचो श्वास चलता काय नाय, ह्या बघूक रात्री उठतंय. ह्येंच्या मनातला भय काढ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" नेहा मागून ओरडली आणि तोंडावर हात धरला. शांतता पाळायला सांगणारी तीच. पुणेकर डोळे उघडून बघत राहिले.

मग उशिराने, खालच्या आवाजात, ह्यांचं आलं. "व्हय म्हाराजा."

परतताना हे माझ्या बरोबरीने चालले.

"रात्री उठतंस, ह्या माका कधी सांगलंस नाय गो."

"तुमी इचारलात खंय?"

जेवायला तांदळाचे घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं होतं. सोमवार आम्ही पाळतो, त्यामुळे मासळी नव्हती ते बरंच झालं. ह्यांनी दोनदा वाढून घेतलं.

जायचं का, असं विचाराल, तर जा. आजार बरा होईल म्हणून नव्हे; औषधं आमची चालूच आहेत. घरात वर्षानुवर्षं शेजारी बसून जे बोललं जात नाही, ते तिथे बोललं जातं.

परवा मला जाग आली ती चांगलं उजाडल्यावर. शेजारी हात फिरवला, कोणी नाही. धडपडत उठून बसले. मग दिसलं, अंथरुणाची घडी नीट घालून ठेवली होती. हे एकटेच बंदरापर्यंत फिरायला गेले होते.